नाशिकमध्ये शोभेच्या झाडांची सहल: आधी बाग, मग नर्सरी

घर बांधून झालं, सोसायटीला कंपाउंड पडलं किंवा शेताच्या बांधावर थोडी जागा निघाली, की आपण थेट नर्सरी गाठतो. तिथे हिरव्या नेटखाली पिशव्यांच्या रांगा असतात. सगळी रोपं कमरेएवढी आणि सगळी टवटवीत. त्यातलं कुठलं पन्नास फुटांचं होणार, कुठलं ऐन मार्चमध्ये पानं झाडून उभं राहणार, कुठल्याची फांदी पहिल्या वळवात गाडीवर पडणार, हे पिशवीकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझा एकच आग्रह आहे: वाढलेलं झाड आधी बघा, रोप नंतर घ्या. आणि हे बघायला एकट्याने जाऊ नका, चार झाडवेडे सोबत घ्या.

नाशिक यासाठी फार सोयीचं आहे. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तासाभराच्या अंतरावरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर. दुसऱ्या बाजूला निफाडला थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. एका जिल्ह्यात इतकी वेगळी हवा असल्यामुळे एकच झाड तीन ठिकाणी तीन तऱ्हेने वाढलेलं दिसतं. मुघलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. आजही जानोरी-मोहाडीकडची गुलाबाची पॉलिहाऊस बघितली की ते नाव पटतं. पण इथे विषय फुलझाडांचा नाही, शोभेच्या वृक्षांचा आहे.

१. निघण्याआधी जागा मोजा

सहलीचा हेतू एकच ठेवा. "छान छान झाडं बघू" म्हणून निघालात तर संध्याकाळी मोबाइलमध्ये दोनशे फोटो असतील आणि डोक्यात गोंधळ. "पार्किंगच्या कडेला सावलीची ओळ हवी", "अंगणात एकच झाड हवं, फुलणारं", "बांधावर वाऱ्याला टिकणारं हवं" असं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मग टेप घेऊन जागा मोजा. भिंतीपासून किती फूट, वरून विजेची तार जाते का, खालून ड्रेनेजची लाइन कुठून जाते, दुपारचं ऊन येतं का, पाणी कोण घालणार. चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. नर्सरीवाल्याला हे फोटो दाखवले की तो वेगळ्याच गांभीर्याने बोलायला लागतो.

माती बघा. निफाड, ओझर, पिंपळगावकडे काळी भारी माती आहे, पावसात तिच्यात पाणी साचतं. त्र्यंबक रोडकडे आणि टेकड्यांच्या पायथ्याला मुरूम लागतो, तिथे पाणी टिकत नाही. हे एवढं ठाऊक असेल तर यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

२. महिना झाडाच्या सोयीने निवडा

ढोबळ कॅलेंडर असं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर आणि गुलाबी टॅबेबुया. सीता अशोकही याच सुमारास फुलायला लागतो. एप्रिल-मे म्हणजे पर्वणी: बहावा, ताम्हण, नीलमोहर, सोनमोहर, गुलमोहर. पावसात कदंब. दिवाळीच्या आगेमागे बूच आणि सप्तपर्णी, आणि थंडीत कांचन.

नवख्यांची अडचण अशी होते, की बघायला उत्तम महिना आणि रोप आणायला उत्तम महिना एक नसतो. मे महिन्यात बहावा बघून वेड लागतं आणि त्याच दुपारी रोप डिकीत टाकून आणलं जातं. चाळीस अंशांच्या उन्हात ते आठवडाभरात माना टाकतं. एप्रिल-मेमध्ये बघा, नाव लिहून ठेवा आणि जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर आणा.

आणखी एक सवय लावून घ्या. आवडलेलं झाड फुलावर नसतानाही एकदा जाऊन बघा. बहावा फुलण्याआधी जवळजवळ निष्पर्ण होतो आणि हात-दीड हात लांबीच्या काळ्या शेंगा लटकत राहतात. काहींना ते रूपही आवडतं, काहींना दारात चालत नाही. वर्षातले अकरा महिने ते झाड फुलांशिवाय तुमच्यासमोर उभं राहणार आहे, तेव्हा हे आधीच बघितलेलं बरं.

फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेच्या उद्यान विभागाचा पुष्पोत्सव शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात भरतो. ज्या वर्षी भरेल त्या वर्षी चुकवू नका. कुंड्या आणि गुलाब बघायला मिळतातच, पण खरा फायदा म्हणजे शहरातले नर्सरीवाले आणि बागप्रेमी एका छताखाली भेटतात. गट जमवायची सुरुवात तिथूनच करता येते.

३. गट लहान, पण नजरा वेगवेगळ्या

आठ-दहा माणसं पुष्कळ झाली. त्याहून जास्त झाली की मागचे चहाच्या टपरीवर अडकतात आणि पुढचे वाट बघत बसतात. दोन-तीन गाड्यांत मावेल इतकाच गट ठेवा.

सगळे एकाच प्रकारचे नकोत. आमच्यात एक द्राक्षबागायतदार काका आहेत. नाशिकच्या द्राक्षवाल्याला कलम शिकवावं लागत नाही, डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या झाडावर, डोळे भरण्यात त्याची उमर गेलेली असते. नर्सरीत ते रोपाच्या शेंड्याकडे बघतच नाहीत. गुडघ्यावर बसून आधी कलमाचा जोड बघतात, अंगठ्याने चाचपतात आणि मान हलवतात. ती मान आडवी हलली की आम्ही ते रोप घेत नाही. बांधकामातला एखादा माणूस असेल तर तो पाया आणि पाण्याची टाकी बघतो. शाळेतल्या निवृत्त बाई नाव, जागा, महिना सगळं नीट लिहून ठेवतात. ज्याला पक्षी-फुलपाखरांचा नाद आहे तो सांगतो, की बहाव्याच्या पानांवरच्या हिरव्या अळ्या पुढे पिवळी-पांढरी फुलपाखरं होतात, त्यांच्यावर फवारा मारायचा नसतो.

एक जण वेळ सांभाळणारा हवा. त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, हे निघतानाच ठरवा.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रांत:
– प्रत्येकाचं ओळखपत्र. कॉलेज, विद्यापीठ किंवा सरकारी आवारात गेटवर नोंद करावी लागते.
– संस्थेच्या आवारात जायचं असेल तर आधी दिलेल्या अर्जाची प्रत. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि "केवळ वृक्षनिरीक्षण" असं स्पष्ट लिहा.
– सोसायटीसाठी झाडं घेणार असाल तर सोसायटीच्या ठरावाची प्रत. पुढे खर्चाचे वाद टळतात.
– थोडी रोख रक्कम. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण शहराबाहेर रेंज जाते.

सामानात: वही आणि पेन्सिल, मोजायचा टेप, जाड मार्कर, सुतळी, चार-पाच गोणपाटं, जुनी वर्तमानपत्रं, पाण्याचा कॅन, टोपी आणि असेल तर दुर्बीण. उंच झाडाचं फूल दुर्बिणीतून जितकं समजतं तितकं मोबाइलच्या झूममध्ये समजत नाही. झाडं ओळखणारं अॅप ठेवा, पण त्याच्या उत्तरावर शिक्कामोर्तब करू नका. पान, फूल, साल आणि फळ असे चारही फोटो दिले तरच त्याचा अंदाज बरा येतो, आणि पिशवीतल्या कोवळ्या रोपाच्या बाबतीत ते हमखास चुकतं.

कात्री आणि कोयता घरी ठेवा. बागेत त्यांचं काम नाही.

५. सकाळ बागेत घालवा

सकाळी साडेसहा-सातला सुरुवात करा. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि ऊन चढलं की माणसांचं लक्षही उडतं.

पहिल्या सहलीसाठी पांडवलेण्यांच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान घ्या. मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे, पार्किंग सोपं, चालायला सपाट वाटा, आणि त्रिरश्मी डोंगराच्या उतारावरची रानटी झाडं आणि बागेतली लावलेली झाडं एकाच चकरेत बघता येतात. तिकीट आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

दुसऱ्या वेळी गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला जा. तिथे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मोठं आवार आहे आणि विद्यापीठाचंच कृषी विज्ञान केंद्रही आहे. आवारासाठी परवानगी घ्या. कृषी विज्ञान केंद्रात मातीबद्दल आणि रोगांबद्दल विचारायला कचरू नका, शेतकऱ्यांना सल्ला देणं हे त्यांचं कामच आहे.

देशी झाडांची ओढ असेल तर सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई बघायलाच हवी. आपलं पर्यावरण संस्थेने लोकसहभागातून २०१५ पासून ती उभी केली. उघड्या मुरमाड टेकडीवर कोणतं देशी झाड किती वर्षांत किती वाढतं, याचं इतकं प्रामाणिक उत्तर कुठल्याही नर्सरीत मिळणार नाही. आणि पंचवटीत सीता गुंफेजवळचे वड? ते अंगणात लावायचे नाहीत, पण वडाला किती जागा लागते हे एकदा त्याखाली उभं राहून समजून घ्या, म्हणजे सोसायटीच्या सभेत कुणी "कोपऱ्यात वड लावू" म्हणालं तर तुम्हाला उत्तर देता येईल.

आता बघायचं कसं. फोटो काढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा आणि खाली बघा. फरशी उचलली आहे का? वाळक्या फांद्या पडल्या आहेत का? फुलांचा चिखल झालाय का, शेंगा किती पडल्यात? झाडाखाली जे पडलंय ते उद्या तुमच्या दारात पडणार आहे. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात आणि फांद्या ठिसूळ, त्यामुळे मोकळ्या मैदानाच्या कडेला तो शोभतो आणि गाड्यांवर सावली धरायला तो नको. पिचकारी म्हणतात त्या स्पॅथोडियाच्या फांद्याही वाऱ्यात मोडतात. कैलासपतीचं फूल खोडावर येतं, रंग आणि वास दोन्ही वेड लावणारे, पण त्याचं फळ तोफगोळ्याएवढं असतं आणि ते उंचावरून खाली येतं. देवळाच्या मोकळ्या आवारात लावा, बाकाच्या वर किंवा मुलांच्या खेळायच्या जागी नको. सप्तपर्णीचा वास संध्याकाळनंतर इतका दाटतो की काहींना डोकेदुखी होते. ज्याला त्रास होतो त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडाखाली दहा मिनिटं उभं राहून पाहावं आणि मगच ठरवावं.

मग वर बघा. सीता अशोकाचं उदाहरण घ्या, कारण त्याच्याइतकं निरखण्यासारखं झाड कमी. नवी पालवी येते ती तांबूस, मऊ आणि पूर्ण लोंबती. नवख्याला वाटतं झाड सुकलंय. हात लावून बघा, कापडाच्या चिंधीसारखी पानं बोटांवरून घसरतात. काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात. फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवर, थेट लाकडातून फुटल्यासारखे येतात. सुरुवातीला पिवळे-नारिंगी आणि मग लाल होत जातात, त्यामुळे एकाच गुच्छात तीन रंग दिसतात. पाकळ्या शोधाल तर सापडणार नाहीत. रंग असतो तो निदलांचा, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले. आता आजूबाजूला बघा: हे झाड कुठे उभं आहे? बहुतेकदा मोठ्या झाडाच्या अर्धवट सावलीत, ओलाव्याच्या जवळ. म्हणजे तुमच्या तापणाऱ्या गच्चीसमोरच्या मुरमात ते पहिल्या उन्हाळ्यातच करपेल. त्या झाडाने स्वतःच तुम्हाला जागा सांगितली.

प्रत्येक आवडलेल्या झाडाची वहीत पाच गोष्टींची नोंद करा: अंदाजे उंची, पसारा, खाली काय पडलंय, जमीन कशी आहे, आणि शास्त्रीय नाव. पाटीवर नसेल तर माळीकाकांना विचारा. त्यांना शास्त्रीय नाव नसेल ठाऊक, पण हे झाड किती वर्षांचं आणि कधी फुलतं हे ते पाटीपेक्षा नेमकं सांगतात.

फूल तोडू नका, सालीवर नख मारू नका, बिया हव्या असतील तर खाली पडलेल्या आणि विचारून घ्या. शहरातल्या झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष मानलं जातं. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथून रोप किंवा कंद उपटून आणण्याचा विचारही मनात आणू नका.

६. दुपारनंतर नर्सरी

त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, मखमलाबाद या पट्ट्यांत नर्सऱ्या सापडतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्त्यांची कामं निघाली आहेत, रस्त्याकडेच्या नर्सऱ्या जागाही बदलतात. म्हणून नकाशावर विसंबू नका, आदल्या दिवशी फोन करा. रविवार टाळता आला तर टाळा, त्या दिवशी मालकाला बोलायला वेळ नसतो.

आत शिरताच भाव विचारू नका. आधी हिंडा. तण काढलेलं आहे का, पिशव्यांवर नावं आहेत का, पाणी कसं देतात, आजारी रोपं बाजूला काढलेली आहेत का, हे दहा मिनिटांत दिसतं. मग मालकापेक्षा रोपांना रोज पाणी घालणाऱ्या मामांशी किंवा ताईंशी बोला. त्यांना प्रत्येक रांगेचा इतिहास ठाऊक असतो.

एक प्रश्न अवश्य विचारा: "मामा, हे इथंच तयार केलंय की बाहेरचा माल आहे?" नाशिकमध्ये विकली जाणारी बरीच मोठी रोपं बाहेरून ट्रकने येतात: उरुळी कांचन-सोरतापवाडीकडून, नाहीतर थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून. कडियमही गोदावरीकाठचंच, पण तिथली हवा दमट, उष्ण, आणि थंडी नावालाच. बाहेरचा माल वाईट नसतो. मात्र तो इथे येऊन किती दिवस झाले हे महत्त्वाचं. कालच उतरवलेलं झाड आज घेऊ नका. दीड-दोन महिने इथल्या हवेत राहून नवी पालवी फुटलेली असेल तरच घ्या. नर्सरीवाले त्याला "सेट झालंय" म्हणतात. सेट झालंय म्हणाले तर नवी पालवी बोटाने दाखवायला सांगा.

आता रोपाची तपासणी, खालून वर.

पिशवी उचलून दाखवायला सांगा. रोप फार दिवस एका जागी राहिलं की मुळं पिशवीच्या भोकांतून जमिनीत घुसतात. मग उचलताना तटतट आवाज येतो, तो मुळं तुटल्याचा. त्या क्षणी झाड टवटवीतच दिसतं, कारण आजवर ते पिशवीवर नाही, जमिनीवर जगत होतं. चार दिवसांनी तुमच्या अंगणात ते सुकतं आणि दोष तुमच्या पाण्याला दिला जातो. आवाज आला की ते रोप नको म्हणा. सहज उचललं गेलं तर पुढे बघा.

खोड आणि मूळ जिथे जुळतं ती जागा मातीच्या वर दिसायला हवी. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलं असेल तर बोटभर माती उकरा. मुळं गोल गोल फिरून खोडाला फास बसला असेल तर ते झाड पाच-सात वर्षांनी, ऐन भरात आल्यावर, वाऱ्यात आडवं होतं. उंच रोपाचा मोह इथेच नडतो. १२ बाय १५ इंची पिशवीतलं आठ-नऊ फुटी, काठीला बांधलेलं रोप बघून मन भुलतं. काठी सोडून बघा. स्वतःच्या पायावर उभं राहत नसेल तर त्याच पिशवीतलं चार फुटी, अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप घ्या. दोन पावसाळ्यांत ते उंच रोपाला गाठतं. सोसायट्या दिखाव्यासाठी २१ बाय २१ ची झाडं मागवतात. उद्घाटनाच्या फोटोसाठी ठीक, पण पैसे तेवढेच असतील तर मी लहान पिशव्या आणि उरलेल्या पैशांत दोन वर्षांच्या पाण्याची सोय करेन.

कलमी की बियांचं, हे झाडागणिक बदलतं. सोनचाफा कलमी घ्या, वर्ष-दोन वर्षांत फुलतो. बियांचा लावलात तर बरीच वर्षं थांबायची तयारी हवी. कलमाच्या जोडाखालून फूट आली असेल तर ती खुंटाची आहे, ती खुडून टाकायची. बहावा, ताम्हण, कदंब ही बियांपासूनची चालतात, उलट त्यांची मुळं चांगली खोल जातात. बहावा फुलायला पाच-सात वर्षं लागू शकतात हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

भिंतीवर परवाना लावलेला दिसेल. तो बघा, पण त्याचा अर्थही समजून घ्या. महाराष्ट्रात १९६९ चा रोपवाटिका कायदा आहे तो फळझाडांसाठी. शोभेच्या झाडाच्या जातीची हमी तो देत नाही. तिथे तुमची नजर आणि तुमची वही हाच आधार.

देशी झाडं हवी असतील तर वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करा. वनमहोत्सवाच्या काळात सवलतीच्या दरात रोपं मिळतात. रोपं छोटी असतात, पण इथल्याच हवेत रुजलेली.

७. नावांच्या फसगती

"अशोक द्या" म्हणालात तर दहापैकी नऊ वेळा तो उंच, सुरईसारखा आसूपालव हातात येतो. सीता अशोक हवा असेल तर "सीता अशोक" म्हणा आणि ती लोंबती तांबूस पालवी ओळखा. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, मागितलं तर कधी कधी लॅजरस्ट्रोमिया म्हणून भलतंच झुडूप मिळतं. नातं आहे, पण ते डोक्याच्या फार वर जात नाही. ताम्हणाचं पान चांगलं वीतभर मोठं असतं. "चाफा" म्हणाल तर देवचाफा, सोनचाफा, कवठी चाफा, नागचाफा असे चार वेगळे वृक्ष उभे राहतील. "नीलमोहर" आणि "टॅबेबुया" म्हणून दिलेलं रोप फुलेपर्यंत खात्री देता येत नाही, म्हणून रंग बघून घ्यायचं असेल तर फुलावर आलेलं मोठं रोपच घ्या.

म्हणूनच वहीत शास्त्रीय नाव हवं. तेच मार्करने पिशवीवर लिहा आणि बिलावरही लिहून घ्या.

आणि एका झाडाला स्पष्ट नकार द्या: कोनोकार्पस. झटपट वाढतो, हिरवीगार भिंत होते, म्हणून कंपाउंडलगत लावायला आग्रहाने सुचवला जातो. मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनमध्ये घुसतात, परागकणांबद्दलही आरोग्याच्या तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. शेजारच्या राज्याने ज्याला मनाई केली ते आपण पैसे देऊन का लावायचं?

८. बिल, घासाघीस आणि छोटा हत्ती

गटाने एकत्र खरेदी केली तर भाव आपोआप खाली येतो, फार ताणू नका. पाच रुपयांसाठी वाद घातलात तर निवडून काढलेलं रोप बदललं जायची शक्यता असते. निवडलेल्या रोपाला तुमची सुतळी बांधा आणि फोटो काढा. पक्कं बिल मागा. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. कुंडी किंवा खतावर वेगळा लागू शकतो, तो वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा.

जास्त रोपं असतील तर छोटा हत्ती करा. उघड्या गाडीत उभी ठेवलेली रोपं वाऱ्याने भाजून निघतात, तासाभराच्या प्रवासात पानांच्या कडा वाळतात. रोपं आडवी, शेंडा मागच्या बाजूला, खाली गोणपाट, वरून ग्रीन नेट घट्ट बांधलेलं, आणि गाडी सावकाश. चढवताना-उतरवताना पिशवीला धरा, खोडाला नाही. खोडाला धरून उचललं की आतला मातीचा गोळा फुटतो.

९. घरी आल्यावर

लगेच खड्ड्यात टाकू नका. आठ-दहा दिवस पिशवीतच, जिथे लावायचं त्याच्या जवळच्या सावलीत ठेवा. तोवर खड्डा तयार करा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. काळी माती असेल तर रोप थोडं उंचवट्यावर लावा म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. मुरूम असेल तर पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत जास्त घाला. बाहेरून आलेल्या रोपाचा गोळा बऱ्याचदा चिकट मातीचा असतो. तो अखंड ठेवायचा, पण बाजूने बोटांनी जरा मोकळा करायचा, नाहीतर पाणी बाहेरून वाहून जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. लावणी संध्याकाळी करा. पिशवी पूर्ण काढा. तळ फाडून तशीच पुरलेली पिशवी नंतर मुळांना आवळते.

निफाड-दिंडोरीकडे राहत असाल तर पहिल्या हिवाळ्यात सीता अशोक आणि कदंबाच्या कोवळ्या रोपांना रात्री गोणपाटाचा आडोसा करा.

१०. हात बसला की मुंबई-पुणे

दोन-चार स्थानिक सहली झाल्या की भायखळ्याची राणीबाग करा. जिजामाता उद्यान हे १८६० च्या दशकातलं, त्यामुळे आपल्याकडे रोप म्हणून दिसणारी कितीतरी झाडं तिथे शंभरी ओलांडलेली भेटतात. गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड आणि उर्वशीची लाल-गुलाबी लोंबती फुलं यांच्यासाठी तरी जाच. उर्वशी नाशिकच्या कोरड्या हवेत जमणारं झाड नाही, ते तिथेच बघायचं. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी नाशिकरोडहून निघा, दादरला उतरून लोकलने भायखळा, आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. राणीबाग बुधवारी बंद असते.

पुण्याचं एम्प्रेस गार्डन ज्या संस्थेकडे आहे ती १८३० ची. तिथे २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, पण त्या गर्दीत झाडं निरखायला मिळत नाहीत. प्रदर्शन बघायचं असेल तर वेगळं जा आणि वृक्षांसाठी एखादी साधी सकाळ राखून ठेवा. परतीच्या वाटेवर रोपं घेण्याचा मोह होईल. पाच-सहा तासांचा प्रवास लक्षात घेऊन तो पावसाळ्यापुरताच ठेवा, आणि तेव्हाही गाडीत बसतील इतकीच रोपं घ्या.